तिकोनी इंजिनाचा मिस्तरी

कुठंही बोट टेकायला जागा मिळाली की तो तिकोन काढायचा. टेंपोच्या काचेवरच्या धुळीत, टपरीच्या बाकावर सांडलेल्या चहात, एकदा तर आमच्या घरी परातीतल्या पिठात. तिकोनाच्या बाजू जराशा फुगीर. मग त्याभोवती भुईमुगाच्या शेंगेसारखा, मधे दबलेला घेर काढायचा आणि म्हणायचा, "हे फिरतं. वर-खाली काही नाही. नुसतं फिरतं." माझी बायको सुमन पीठ मळायला बसली होती. ती म्हणाली, "भाऊजी, फिरू द्या खुशाल, पण मी भाकरी कधी थापू?" सुरतेच्या कतारगामात सगळे त्याला तिकोन्या मिस्तरीच म्हणायचे. दगडू हे नाव आधार कार्डावर होतं, तेवढंच.

तो पारोळ्याकडचा, मी अमळनेरकडचा. सुरतेत आलो तेव्हा दोघांना मिसरूड नव्हतं. मी लूमवर लागलो, तो गॅरेजात. पुढं तो अकरा वर्षं आखातात जाऊन आला. तिथं बड्या लोकांच्या दोन दारांच्या जपानी गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या, पिस्टन नसलेल्या इंजिनाच्या. परत येऊन त्यानं कतारगामात गॅरेज टाकलं आणि जन्मभर छोटे टेंपो आणि रिक्षा दुरुस्त केल्या. कारण तसली गाडी सुरतेत कुणाकडं होती? पण बोलायचा त्या गाडीबद्दलच. लग्न एकीशी आणि जीव दुसरीवर असतो ना काही लोकांचा, तसं.

मी सातवी नापास. मला इंजिन काय कळणार? पण कडोद्याला पावरलूम दुरुस्तीत माझी चौतीस वर्षं गेली, म्हणून त्यानं मला माझ्या भाषेत सांगितलं. "तुझ्या लूमचा धोटा कसा इकडून तिकडं मार खात जातो? तिकडं थांबतो, ठोकर खातो, परत येतो. साध्या गाडीचा पिस्टन तसाच. हा तिकोन थांबतच नाही. म्हणून गाडी थरथरत नाही. चालू इंजिनावर पाच रुपयाचं नाणं उभं ठेव, पडणार नाही." मी म्हणालो, "मग सगळ्या गाड्यांना हेच का नाही लावत?" तेव्हा तो हसला. म्हणाला, "भो, तिकोनाचे तीन कोपरे झिजतात."

दर रविवारी त्याचं एक काम असायचं. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की ती बघायला त्याला नेत. गाडी बघून तो जे असेल ते तोंडावर सांगायचा. विकणारा उभा असला तरी. एकदा अमरोलीत एकानं चहा पाजला, फाफडा खाऊ घातला, आणि ह्यानं तोंड पुसत सांगितलं, "ही गाडी पाण्यात बुडालेली आहे, तापीच्या पुरातली. फाफडा चांगला होता." दलाल लोक त्याला शिव्या घालायचे. घेणारे मात्र त्याच्याशिवाय गाडीला हात लावत नसत.

सुमन गेली त्यानंतर पंधरा दिवसांनी तो कोसाडला माझ्या खोलीवर आला. दारातच उभा राहिला. वाईट झालं, देवाची मर्जी, असलं काही बोलला नाही. म्हणाला, "चप्पल घाल." मी विचारलं, "कुठं?" "गाडी बघायला." मी गेलो. पुढच्या रविवारी परत गेलो. अशी दोन वर्षं गेली. मला गाडीत काडीचा रस नव्हता. पण रविवारी खोलीत बसलं की भिंती अंगावर यायच्या. सोमवार ते शनिवार मी रविवारची वाट बघायचो, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मुलगी मालेगावला दिलेली, तिचं तिलाच आवरत नाही.

मग मिस्तरीच्या मुलानं जळगावहून धोशा लावला, बाबा, आता इकडं या. मिस्तरीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, हात कापायला लागले होते. एक दिवस त्यानं मला सहज सांगितलं, "दिवाळी झाली की जातो." पाना पुसत सांगितलं. मी बरं म्हणालो आणि घरी येऊन जेवलो नाही.

त्याच दिवसांत कतारगामच्या एका हिऱ्याच्या कारखान्याच्या शेठनं त्याला बोलावलं. शेठ चाळिशीचा, बोलायला गोड, मिस्तरीकडं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. कडोद्याला एका प्रिंटिंग मिलवाल्याकडं तसली गाडी विकायला होती. लाल, दोन दारांची, तिकोनी इंजिनाची. शेठ तिच्यावर पागल झाला होता. म्हणाला, "मिस्तरी, तुम्ही सुरतेत राहून सांभाळणार असाल तर घेतो. तुमच्याशिवाय हिला हात कोण लावणार?" मिस्तरी म्हणाला, "आधी बघू तर द्या."

मी तिथंच बसलो होतो. माझा हिशेब सरळ होता. गाडी घेतली गेली तर मिस्तरी राहणार. नाही घेतली तर जाणार. मी त्या रात्री सुमनच्या फोटोसमोर हात जोडून मोटारगाडीसाठी प्रार्थना केली. ती असती तर पोट धरून हसली असती.

रविवारी शेठच्या गाडीतून निघालो. वाटेत मिस्तरीनं शेठला शाळा शिकवली. "शेठ, ही गाडी इंजिन तेल खाणार. ती खोट नाही, तिची रीतच ती. तेल खात नसेल तर घाबरा, म्हणजे कोपऱ्यांना तेल पोचतच नाही. पेट्रोल भरताना दर वेळी तेल बघायचं. थंड असताना चालू करून लगेच बंद करायची नाही. आणि कमी पळालेली म्हणून खूश होऊ नका. उभी राहून राहून ह्या गाड्या जास्त मरतात."

शेठ म्हणाला, "बायको बरी हो मिस्तरी, इतके नखरे नाहीत तिचे."

"तिला विचारून बोलताय का?" मिस्तरी म्हणाला. शेठ खो खो हसला.

गाडी मिलच्या शेडमधे धूळ खात उभी होती. मिलवाला खाली मान घालून म्हणाला, "सच्ची बात बोलू? दसऱ्यापासून चालू नथी थती. तीन मेकॅनिक येऊन गेले. इंजिन गेलं म्हणतात." शेठचा चेहरा पडला. माझाही. मिस्तरी गाडीभोवती फिरला आणि पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला. टायरच्या खाचेत काहीतरी वाळून चिकटलं होतं. ते त्यानं नखानं काढलं, हुंगलं. लिंबाची साल.

"दसऱ्याला पूजा केली गाडीची?"

"केली ने. हार घातला, नारळ फोडला, माझ्या बानं, आईनं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली."

"मग चालू करून लिंबांवरून नेली, आणि परत जागेवर लावून बंद केली. बरोबर?"

"हा. अर्धी मिनिट लागली असेल."

मिस्तरी मला म्हणाला, "ऐकलंस भो? पूजेत बुडवली हिला." थंड इंजिनाला चालू होताना भरपूर पेट्रोल लागतं. तेवढ्यात बंद केली की ते पेट्रोल आतच राहतं, कोपऱ्यांवरचं तेल धुवून टाकतं, आणि मग कितीही चावी फिरवा, दाब धरत नाही. आपल्याकडं दसऱ्याला घरोघर गाड्या अशाच दोन हात पुढं, दोन हात मागं करतात. दुसऱ्या कुठल्या गाडीला त्याचं काही वाटत नाही.

त्यानं गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला. चारी प्लग काढले, पुसले, उन्हात ठेवले. चावी मारून आतलं पेट्रोल बाहेर उडवलं, मग भोकांतून थोडं थोडं तेल सोडलं. हात कापत होते, म्हणून प्लग बसवताना मी टॉर्च धरला आणि त्याचं मनगटही धरलं. फ्यूज परत लावला, शेजारच्या गाडीची बॅटरी जोडून चावी फिरवली. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्या वेळी शेडभर पांढरा धूर झाला, बघायला आलेली मिलवाल्याची बा पदर तोंडाला लावून पळाली, आणि धुरातून आवाज आला.

तो आवाज मला लिहिता येत नाही. मी जन्मभर लूमची खडखड ऐकली, अजून झोपेत ऐकू येते. ह्या आवाजात ठोका नव्हता. एक लांब सूर, वर वर चढत जाणारा. गाडी तापल्यावर मिस्तरीनं शेठला शेजारी बसवलं आणि हायवेवर काढली. परत आले तेव्हा शेठचे केस उभे होते आणि तो लहान पोरासारखा बोलत होता. मिस्तरीचे डोळे ओले होते. धुरानं झाले, असं तो म्हणाला. शेठ म्हणाला, "बस, फायनल." मी मनात म्हणालो, झालं, राहिला हा.

"थांबा," मिस्तरी म्हणाला. "खरी परीक्षा तापल्यावर."

त्यानं दाब मोजायचं मीटर काढलं, प्लगच्या भोकात बसवलं आणि ते धरायला मला दिलं. गाडीत दोन तिकोन असतात, एकामागं एक. दर फेरीला सुई तीनदा उडायला हवी, तिन्ही वेळा सारखी. तीन कोपरे, तीन दाब. पहिला तिकोन बघितला. सारखी, सारखी, सारखी. दुसरा बघितला. उंच, आणि मग दोनदा अर्ध्यातच खाली. परत उंच, अर्धी, अर्धी. मोजायला सातवीसुद्धा लागत नाही. शेठ पलीकडं मिलवाल्याशी भावाचं बोलत होता. सुई फक्त आम्ही दोघांनी बघितली. मी मिस्तरीकडं बघून मान हलवली. नको सांगूस.

त्यानं मीटर माझ्या हातातून घेतलं आणि शेठला हाक मारली. "शेठ, हिचा एक कोपरा गेलाय, त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब पडलाय. आज पळाली तशी वर्षभर पळेल कदाचित. मग इंजिन उघडावं लागेल, आणि सामान इथं मिळत नाही."

"पण तुम्ही आहात ना?"

मिस्तरीनं हात पुढं केला. बोटं थरथरत होती, सगळ्यांना दिसेल अशी. "ही सांभाळणारा माणूस हिच्यापेक्षा टिकाऊ पाहिजे. मन भरायला घेत असाल तर जरूर घ्या, असं इंजिन परत दिसणार नाही. सकाळी वेळेवर कारखान्यात पोचायला घेत असाल तर घेऊ नका. आणि माझ्या भरवशावर तर मुळीच घेऊ नका."

शेठनं बॉनेटवर हात फिरवला, दोनदा फिरवला. घेतली नाही.

परतताना कतारगामला उतरलो आणि मी फुटलो. "एक वर्ष चालली असती म्हणालास ना? तू एक वर्ष राहिला असतास! गप्प बसायला काय झालं होतं तुला?"

"तू माझ्यासाठी बोलतोस की तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी! मग?"

तो रस्त्याच्या कडेला थांबला. म्हणाला, "वहिनी गेल्या त्या दिवशी तू दवाखान्यात काय ओरडत होतास, आठव."

मला आठवायची गरज नव्हती. डॉक्टर, नर्सा, नातेवाईक, सगळे शेवटपर्यंत मला सांगत होते, सुधारणा आहे, काळजी करू नका. म्हणून मी त्या दिवशी पाळीवर गेलो. परत आलो तेव्हा चादर ओढलेली होती. मी भिंतीवर डोकं आपटत ओरडलो होतो, तुमच्यातल्या एकानं तरी मला खरं सांगायचं होतं रे. मला धरून ठेवणारा मिस्तरीच होता. मी वळलो आणि घरी निघून आलो.

दिवाळीनंतर त्याला सोडायला स्टेशनवर गेलो. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी. भुसावळची गाडी लागली होती. सामान आत ठेवून तो परत खाली उतरला, माझ्या शर्टाचं बटण धरलं. "भो, मन्हं ऐक. तुला एकट्याला जमेल का? खरं सांग. नाही म्हण, मी ही पेटी खाली काढतो. पोराला सांगतो, पुढच्या साली येतो म्हणून. गाडीसाठी राहणं जमलं नाही मला. तुझ्यासाठी राहीन."

इतके दिवस मला हेच ऐकायचं होतं. आणि मी काय म्हणालो? "मला काय धाड भरलीय? जा तू. पोराच्या हातचं खा."

मी फलाटावरच्या वड्याच्या गाडीकडं बघत राहिलो. शिट्टी झाली तेव्हा त्यानं बटण सोडलं.

उन्हाळ्यात त्याच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेला म्हणाला, त्रास झाला नाही. मी विचारलं, "खरं सांगतोस का?" मुलगा म्हणाला, "नाही काका. तीन दिवस खूप त्रास झाला." मी त्याला म्हणालो, बरं केलंस सांगितलंस. आणि फोन ठेवून पहिल्यांदा रडलो.

आमच्या कोसाडच्या चाळीत सकाळी नळावर लोक एकमेकांना विचारतात, "केम काका, मजामां?" उत्तर ठरलेलं आहे, मजामां म्हणायचं आणि बादली उचलायची. मी आता "नाही" म्हणतो. करमत नाही, रात्री झोप येत नाही, बायको गेली आणि मग मित्र गेला, असं सरळ सांगतो. लोकांना ते आवडत नाही. बहुतेक जण बादली घेऊन पुढं जातात. एखादा मात्र बादली खाली ठेवतो.