धुरीची शेगडी

माझा मुलगा सातव्या महिन्यातच जगात आला. आदिलाबादजवळच्या मावल्यातल्या आमच्या घरात कोणाला कशाची घाई नसते; त्याला ती माझ्याकडून मिळाली, असं सासूबाईंचं मत. तेव्हा आदिलाबाद आंध्रात होतं; तिथे एवढ्या लहान बाळाची सोय नव्हती, म्हणून त्याला घेऊन हैदराबाद गाठलं. तिथे बावीस दिवस यंत्राने त्याच्या वतीने श्वास घेतला.

डॉक्टरीणबाई हिंदीत समजावत. वजन किलोभरही नाही, फुप्फुसं कच्ची, त्यात यंत्राचा दाब, जास्तीचा ऑक्सिजन, मध्येच झालेला संसर्ग. अशा बाळाच्या मागे फुप्फुसाचं जुनाट दुखणं लागतं. म्हणजे वाचवलं यंत्राने आणि इजाही त्यानेच केली. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी त्या यंत्राला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि ते ऐकेल या भीतीने लगेच माफीही मागितली. घरी पाठवताना बाईंनी बजावलं, धूर अजिबात नको.

घरी पोचलो तर खाटेखाली शेगडी तयार. निखाऱ्यांवर टाकायला ओवा, शेपा, लसणाची सालं. सासूबाई नार्नूरकडे जन्मभर लोकांच्या शेतात राबलेल्या. धुरीशिवायचं बाळंतपण त्यांना मान्यच नव्हतं.

"आई, डॉक्टरांनी धूर नको म्हटलंय."

"तुया डॉक्टरनं किती लेकरं काढले? म्या माह्या सात लेकराईले धुरी देल्ली."

माझी जीभ मुळातच लांब. मी म्हणाले, "अन् जगली किती?"

चार. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी बोलत नसे.

सासूबाईंनी शेगडी अंगणात नेली, तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवसापासून दारात पहाऱ्याला बसल्या. विडी ओढत आलेल्या आपल्या सख्ख्या दिराला फाटकातूनच हाकललं. बुद्धमूर्तीपुढची उदबत्तीही बंद केली. "त्याईले राग येत नाई," म्हणाल्या.

मुलगा वर्षाचा झाला. छातीतली घरघर कमी झाली होती. एका दुपारी तो झोपला असताना सासूबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ते तिघं धुरीनंच गेले असतीन का वं?"

मला माहीत नव्हतं.

"नाही, आई," मी वर्गातल्या आवाजात ठणकावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पटलं नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.