वाचल्याशिवाय सही नाय

रोह्याच्या वकिलांकडे एक कारकून होते; सहीआधी ते कागदावर तळहात ठेवून विचारायचे, "वाचलंत?" नाही म्हटलं, तर हात उचलत नसत.

आजोबांनी आम्हा नातवंडांसाठी जमिनीचा ट्रस्ट केला होता. मी वर्षातून एकदा पेणहून रोह्याला यायची, न वाचताच "हो, वाचलं" म्हणून दाखवतील तिथे सही करायची आणि परतीची एसटी पकडायची. एका वर्षी निडी गावाजवळची जमीन एका कंपनीला भाड्याने द्यायचं ठरलं. विश्वस्त असलेल्या काकांनी संमतीचा कागद पाठवला होता.

कारकुनांनी विचारलं, "ताई, जमीन कधी बघितलीय?"

"नाही."

"मग सही कसली करता? चला."

स्कूटरवरून त्यांनी मला तिथे नेलं. कागदावर 'पडीक' लिहिलेल्या जमिनीत विहीर होती आणि गावातल्या बाया पाणी भरत होत्या. एकीने विचारलं, "तू जमीनवाल्या आजोबांची नात व्हय गो?" आणि कळशी वाकवून माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. मला फार लाज वाटली.

ट्रस्टच्या बैठकीत मी पहिल्यांदाच बोलले. काका चिडले, "आजवर कोणी विचारलं नाही!" मी म्हटलं, "काका, विहीर बघितलीत?" त्यांनीही बघितली नव्हती. शेवटी विहीर आणि तिची वाट करारातून वगळली.

मी कारकुनांचे आभार मानले, तर ते संकोचले. म्हणाले, "आजोबांनी विश्वास फक्त विश्वस्तांवर नाय टाकला, ताई. तुमच्यावर पण टाकलाय."

आता दरवर्षी रोह्याला सहीसाठी जाताना मी आधी वाटेत निडीला उतरते.