डॉक्टरांनी विचारलं आणि मी ‘नाही’ म्हणाले

“ऑटोइम्यून एन्सेफलायटिस असावा असा माझा संशय आहे,” मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणाच चुकून मेंदूवर उठते. तरुण मुलींमध्ये कधीकधी याचं मूळ अंडाशयातल्या गाठीत असतं. भाग्यश्रीला आधी कधी अशी गाठ निघाली होती? सोनोग्राफीत वगैरे?”

आयसीयूच्या बाहेर आम्ही तिघं उभे होतो. मी, माझा जावई संगमेश आणि त्याची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई. डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. आई मी होते ना.

मी म्हणाले, “नाही.”

आवाज जराही हलला नाही माझा. ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवतेय, वर्गात आवाज कसा ठेवायचा ते मला कुणी शिकवायला नको. मी नाही म्हटलं की नाही, असं सगळ्यांना वाटतं. आणि त्या वेळी जुळे सोलापूर भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये, कपाटात, मुलांच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलांखाली भाग्याचा सोनोग्राफीचा रिपोर्ट पडला होता. उजव्या अंडाशयात डर्मॉइड सिस्ट, असं त्यावर स्वच्छ लिहिलेलं.

हे मी का लिहितेय ते आधीच सांगते. तुमच्या घरातही असा एखादा कागद कपाटात असेल. नसला तर उत्तमच. असला तर माझं ऐका.

लग्नाच्या आधी भाग्याच्या पोटात उजव्या बाजूला दुखायचं. दाखवलं, सोनोग्राफी केली, गाठ निघाली. डर्मॉइड म्हणजे एक विचित्र प्रकार असतो. अंडाशयातल्या पेशी भलत्याच वाटेला लागतात आणि त्या गाठीत कातडी, केस, चरबी, कधी दातसुद्धा तयार होतात. स्त्रीरोगाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहान आहे, घाई नाही, पण तीन महिन्यांनी परत बघू, दुर्बिणीनं काढून टाकलेली बरी.

नेमकं त्याच आठवड्यात अक्कलकोटचं स्थळ आलं. कापडाचं दुकान, एकुलता एक मुलगा, आमच्यातलेच, घरात कन्नड-मराठी दोन्ही. भाग्याचे वडील जाऊन नऊ वर्षं झालेली. मी एकटी बाई, मुलगी सव्वीस वर्षांची. बघायच्या कार्यक्रमात विहीणबाईंनी कांदेपोह्यांची बशी खाली ठेवून सरळ विचारलं होतं, “पोरीला काय दुखणंबिखणं न्हाई न्हवं?” मी हसून म्हटलं, “अहो, ठणठणीत आहे.”

आपल्यात ‘गाठ’ हा शब्द मुलीच्या पोटाशी जोडला की पुढचं सगळं लोक आपापलं बोलून घेतात. मूल होणार नाही, कॅन्सर असेल, आधीच काही लफडं असेल. मला त्या शब्दाची भीती वाटली. गाठीची वाटायला हवी होती, ती नाही वाटली. भाग्याला म्हटलं, “कुणाला बोलू नकोस. विरघळली असेल एव्हाना. लग्नानंतर बघू.” डर्मॉइड विरघळत नाही हे मला माहीत होतं. लाज वाटते लिहायला, पण माहीत होतं.

लग्नाला चार महिने झाले आणि तिचं डोकं दुखायला लागलं. फोन आला तेव्हा मी बारावीच्या पेपरांच्या गठ्ठ्यात बुडालेली. “पाणी पी, झोप जरा,” म्हणाले आणि फोन ठेवला. मग बारीक ताप. मग झोप उडाली. मग दुकानात आलेली गिऱ्हाइकं आपल्यावर नजर ठेवायला आलीत असं म्हणायला लागली. सासूच्या अंगावर ओरडली, आणि ही पोरगी जन्मात कुणावर ओरडलेली नाही.

विहीणबाईंचा फोन आला. “इनबाई, पोरगी कायबी बोलायलीय. तुमी या की हितं.”

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, सासरी जमत नाहीये, म्हणून सोंग. मी तिला फोनवर घेतलं आणि झापलं. “भाग्या, नाटकं बास. माझं नाव घालवू नकोस.” पलीकडून ती कन्नडमध्ये म्हणाली, “अव्वा, नंग एनागेती गोत्तिल्ल.” आई, मला काय झालंय मलाच कळत नाही. लहानपणी ताप चढला की अशीच कन्नडमध्ये जायची. तेवढ्यावरून तरी मला कळायला हवं होतं.

दोन दिवसांनी दुकानातच तिला फिट आली. संगमेशनं गाडीत घालून सोलापूरला आणलं. आधी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “हे माझं काम नाही. आजच्या आज मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या.” त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. दुसरा कुणी असता तर झोपेच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं असतं, आणि मी आनंदानं नेलं असतं.

तर त्या आयसीयूबाहेर मी नाही म्हणाले. मग तपासण्या सुरू झाल्या. ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघतात. सीएसएफ, म्हणजे मणक्यातून काढलेलं पाणी. ते बाहेरगावच्या मोठ्या लॅबला जाणार, रिपोर्टला आठवडा लागणार. बेडवरच पोटाची सोनोग्राफी केली, पण ती इतकी हातपाय झाडत होती की नीट काही दिसलं नाही. रिपोर्टवर आलं, ठळक काही आढळलं नाही. एरवी डॉक्टरांनी एवढ्यावर भागवलं नसतं. पण आई म्हणतेय गाठ नव्हती, आणि मुलीला भूल देऊन एमआरआयला हलवणं जोखमीचं. म्हणून त्या म्हणाल्या, लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू. स्टेरॉइड सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी भाग्या बोलायची थांबली. तिसऱ्या दिवशी तोंड हलवायला लागली, सारखं काहीतरी चघळत असल्यासारखं. ओठ चावून रक्त आलं. डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हती. मी तिच्या कपाळाला विभूती लावायची आणि बाहेर येऊन बाकड्यावर बसायची. शेजारी विहीणबाई. त्या अक्कलकोटहून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन आल्या होत्या आणि मला एकटीला सोडायलाच तयार नव्हत्या. “खावा इनबाई, तुमी पडला तर कसं हुईल?” माणूस एवढं चांगलं वागत असलं की आपलं खोटं जास्तच टोचतं. मला त्यांचा राग यायचा. खरंच यायचा. वाटायचं, ही बाई जरा बाजूला होईल तर मी डॉक्टरांना गुपचूप सांगून टाकीन.

चौथ्या दिवशी धीर करून मीच डॉक्टरांना गाठलं. विचारलं, गाठीचा आणि मेंदूचा संबंध काय? त्यांना वाटलं मॅडम जीवशास्त्राच्या आहेत, कुतूहल असेल. त्यांनी केसपेपरच्या मागे चेतापेशीचं चित्र काढलं.

“ही पेशी, आणि हे तिच्या अंगावरचे रिसेप्टर. दुसऱ्या पेशीकडून आलेला निरोप हे पकडतात. गाठीत कधीकधी मेंदूसारख्या पेशी तयार होतात. पोटात मेंदूच्या पेशी दिसल्या की शरीर म्हणतं, हे परकं आहे. त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी करतं. त्या अँटिबॉडी मेंदूत पोचतात आणि तिथले खरे रिसेप्टरही धरतात. मग पेशी ते रिसेप्टर आत ओढून घेते. निरोप पकडायला बाहेर काही उरतच नाही.”

मी विचारलं, “आणि पेशी? मरते?”

“नाही ना! तेच तर यातलं मोठं संशोधन आहे. पेशी जिवंत असते. अँटिबॉडी कमी झाल्या की रिसेप्टर परत वर येतात. आम्ही शिकत होतो तेव्हा या मुलींना वेड लागलं म्हणायचे. आता अलीकडे कळलंय की यातल्या बऱ्याच जणी परत येतात. फक्त मूळ लवकर काढावं लागतं.”

मी मान डोलावली. रिसेप्टर तर मी दर वर्षी फळ्यावर काढते. कुलूप आणि किल्ली म्हणून मुलांना सांगते. सगळं समजलं मला, आणि तरीही मी मूग गिळून बाकड्यावर येऊन बसले, कारण विहीणबाई बोलणं ऐकू येईल एवढ्याच अंतरावर होत्या. यापेक्षा नीच काय असतं मला माहीत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तिचा श्वास मधेमधे थांबायला लागला. घशात नळी घातली, व्हेंटिलेटर लावला. डॉक्टर बाहेर आल्या, आणि त्या काही बोलायच्या आत मी म्हणाले, “गाठ होती. डर्मॉइड. उजव्या बाजूला. रिपोर्ट घरी आहे. मी खोटं बोलले.”

विहीणबाई शेजारीच होत्या. संगमेश औषधं आणायला खाली गेला होता.

डॉक्टर एवढंच म्हणाल्या, “रिपोर्ट मागवा,” आणि एमआरआयची तयारी करायला आत गेल्या. नंतर मी त्यांना विचारलं की ती गाठ तेव्हाच काढली असती तर? त्या म्हणाल्या, “हे झालंच नसतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर हे पाच दिवस वाचले असते. कदाचित नळीही.” त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

विहीणबाईंनी डब्याचं झाकण लावलं. मी म्हटलं, “तुम्ही सोयरीक मोडाल असं वाटलं मला.”

“मोडली आसती बगा,” त्या म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू? मोडलीच आसती. पन आता ती आमची हाय की. आता लपवून काय मिळीवलं तुमी?” मी रडायला लागले. त्यांनी मला जवळबिवळ घेतलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, “पोरीला ह्ये मी न्हाई सांगनार. संग्यालाबी सांगू देनार न्हाई. तुमचं तुमी सांगा.”

एमआरआयमध्ये गाठ दिसली, लिंबाएवढी. दुर्बिणीनं काढली. ती एव्हाना अशी चिकटली होती की उजवं अंडाशयही काढावं लागलं. गाठीच्या तपासणीत कातडी, केस आणि मेंदूच्या पेशी निघाल्या. लॅबचा सीएसएफचा रिपोर्टही तसाच आला, अँटिबॉडी सापडल्या. मग इम्युनोग्लोब्युलिन दिलं, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या चांगल्या अँटिबॉडी. आणि वाट बघणं.

वाट बघणं फार वाईट. असा आजार तुमच्या घरात आला तर हे लक्षात ठेवा, की माणूस एका दिवसात परत येत नाही. तोंडाचं चघळणं थांबायला दोन आठवडे लागले. मग नळी निघाली. मग एका दुपारी तिनं माझं बोट धरलं. मग ओळख, मग एकेक शब्द. दीड महिन्यानं आम्ही तिला घरी आणलं तेव्हा तिला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. आज ती दुकानातलं बिलिंग परत बघते. डावं अंडाशय चांगलं आहे, मूल व्हायला अडचण नाही असं डॉक्टर म्हणतात.

मात्र त्या सगळ्या आठवड्यांतलं तिला काहीही आठवत नाही. त्या आजारात असंच होतं. श्रावणात ती चार दिवस माझ्याकडे राहायला आली, एक वही घेऊन. म्हणाली, “अव्वा, माझे दिवस गायब आहेत. तू होतीस ना तिथं? एकेक दिवस सांग, मी लिहून घेते.”

मी डोकेदुखीपासून सुरू केलं. नाटकं बास म्हणाले होते तेही सांगितलं, ती हसली. मग आयसीयूचा पहिला दिवस आला. संगमेश तिला न्यायला आला होता, पलीकडे चहा पीत बसला होता. वाटलं, हे गाळावं. कुणाला कळणार होतं? विहीणबाई तर शब्दाच्या पक्क्या.

मी सांगितलं. डॉक्टरांनी काय विचारलं, मी काय म्हणाले, आणि पाच दिवस गप्प बसले.

भाग्यानं पेन खाली ठेवलं. “पण गाठीचं ह्यांना माहीत होतं, अव्वा,” ती म्हणाली. “साखरपुड्याच्या आधीच मी सांगितलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

मी संगमेशकडे बघितलं. त्यानं कप खाली ठेवला.

“माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, मामी,” तो म्हणाला. “पण तुम्ही इतक्या ठामपणे नाही म्हणालात. तुम्ही आई, त्यात जीवशास्त्राच्या मॅडम. मला वाटलं, गेली असेल ती गाठ, मला काय कळतंय. म्हणून मी गप्प बसलो. नंतर रोज वाटतं, बोलायला पाहिजे होतं.”

म्हणजे ज्याच्यापासून मी लपवत होते त्याला आधीच माहीत होतं, आणि माझ्या एका ‘नाही’नं त्याचंही तोंड बंद केलं. तो बिचारा तेव्हापासून माझं ओझं स्वतःचं समजून वाहतोय. मी त्याला म्हटलं, “तुमचं काही चुकलं नाही,” पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

भाग्याचा चेहरा मला वाचता येईना. ती रडली नाही, ओरडली नाही. एक हात पोटावर, उजव्या बाजूला होता. मी म्हटलं, “भाग्या, मला माफ कर म्हणायचं तोंड नाही मला.”

“मग नको म्हणूस,” ती म्हणाली.

मी उठायला लागले. वाटलं, आता ती मला नजरेसमोर उभं राहू देणार नाही, आणि तिचं बरोबरच आहे. तिनं वही पुढं ओढली, पान उलटलं आणि वर लिहिलं, दुसरा दिवस.

“बस अव्वा,” ती म्हणाली. “पुढं सांग.”