मॅडमच्या वडिलांची मिस्सा

नोव्हेंबर म्हणजे आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांचा मृतांचा महिना. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं कागदावर लिहायची, पाकिटात घालून चर्चमध्ये द्यायची. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, आधी ती मोठ्याने वाचतात आणि सगळे त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. मस्कतला आले तरी मी हे सोडलं नाही. आई, बाबा, नवरा, आणि जिने मला जन्मभर छळलं ती नवऱ्याची आत्यासुद्धा. मेल्यावर कसलं वैर?

त्या वर्षी शेवटी एक नाव जास्तीचं लिहिलं. कोणाला विचारलं नाही. मनात आलं की करून मोकळं व्हायचं, हा माझा जुना रोग.

नाव मॅडमच्या वडिलांचं होतं. मॅडम म्हणजे मस्कतच्याच अल घुब्रा भागात ज्यांना सांभाळायला मी जायचे त्या अमेरिकन बाई. वय एक्क्याऐंशी, चालणं बंद, डोळे जवळजवळ गेलेले. मुलगा इथे कॉलेजात शिकवतो, आईला बघायला तिकडे कोणी नाही म्हणून त्याने तिला इकडे आणलं. मी सकाळी अल अमेरातहून शेअर टॅक्सीने यायचे, अंघोळ, औषधं, जेवण करायचे, आणि दुपारी त्यांना एक पुस्तक वाचून दाखवायचे. रोज तेच पुस्तक.

त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात पायदळात शिपाई होते. लढाई संपल्यावर त्यांच्या डिव्हिजनने आपला इतिहास छापला आणि घराघरात पाठवला. निळ्या कापडाची बांधणी, आत नकाशे, चिखलात बसून सिगारेट ओढणाऱ्या पोरांचे फोटो. माझं इंग्रजी शाळेपुरतं. फ्रान्स-जर्मनीतली गावांची नावं वाचताना माझी जीभ अशी काही वळायची की मॅडमना हसू फुटायचं. एरवी त्या हसत नसत.

फ्रान्समधली पानं त्यांना आवडायची. लोक रस्त्यावर येऊन सैनिकांना सफरचंदं देतायत वगैरे. मग ते जर्मनीच्या हद्दीवरचं जंगल यायचं. सतत पाऊस. तोफगोळे झाडांच्या शेंड्यावर फुटायचे, म्हणजे लाकडाच्या ढलप्या वरून अंगावर. जमिनीवर आडवं पडूनसुद्धा सुटका नाही. ओल्या बुटांत पाय काळे पडायचे. त्या जंगलात एका पहाटे मॅडमच्या वडिलांची तुकडी पुढे गेली आणि ते परत आले नाहीत. मेलेले सापडले नाहीत, कैदेतही सापडले नाहीत. त्या दिवसाबद्दल पुस्तकात किती असावं? दोन ओळी. आपली माणसं काहीशे यार्ड पुढे सरकली, एवढंच. मला असा संताप यायचा! अहो, आमच्याकडे केळीच्या बागेला पाणी सोडायला माणूस त्याहून जास्त चालतो. तेवढ्यासाठी कोणाचा तरी बाप गेला.

शेवटी याद्या होत्या. ठार झालेल्यांची वेगळी, बेपत्ता झालेल्यांची वेगळी. मी मॅडमचं बोट धरून बेपत्तांच्या यादीतल्या वडिलांच्या नावावर ठेवायचे. छपाई काय हाताला लागते? पण त्या चाचपत राहायच्या. त्यांनी बापाला बघितलंच नव्हतं. त्या जन्मल्या तेव्हा तो बोटीत बसून गेलेला होता.

"असेल कुठेतरी," त्या म्हणायच्या. "डोक्याला मार लागून सगळं विसरला असेल."

एकदा मी बोललेच, "मॅडम, शंभरी उलटली असेल हो त्यांची."

"आमच्या घराण्यात माणसं फार जगतात," त्या म्हणाल्या आणि पान उलटायला सांगितलं.

मला वाटायचं, या बाईंना कोणी सांगितलंच नाही वाट बघणं कधी थांबवायचं ते. आमच्याकडे असं नसतं. माझा चुलतमामा मच्छीमारीला गेला आणि बोट बुडाली. महिनाभर घरच्यांनी किनारा धरला. मग फादर आले, रिकामी पेटी ठेवून मिस्सा केली, मामीने काळी साडी नेसली. त्या दिवशी ती ओरडून ओरडून रडली आणि दुसऱ्या दिवशी मासे विकायला उठली. मिस्सा नाही म्हणजे आत्मा अधांतरी, आणि घरचेही अधांतरी, असं आम्ही मानतो. ऐंशी वर्षं त्या माणसासाठी कोणी साधी प्रार्थना घातली नाही, याने माझा जीव तुटायचा. म्हणून नाव लिहिलं. मॅडमना सांगितलं नाही. म्हटलं, ऐकतील, रडतील, मोकळ्या होतील. मोठी शहाणी मी!

इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून मोठी मिस्साही शुक्रवारी. मॅडमही कॅथलिक, त्या दिवशी मुलाने आम्हा दोघींना चर्चला सोडलं. मी त्यांची व्हीलचेअर बाकाशेजारी लावली. नावं सुरू झाली. डिसोजा, परेरा, लोपीस करत वाचणारा माझ्या माणसांपर्यंत आला, मग जरासा अडखळला आणि ते अमेरिकन नाव त्याने अगदी स्वच्छ, सावकाश वाचलं. सगळं चर्च एका सुरात म्हणालं, प्रभू त्यांना शांती देवो.

मॅडमनी माझं मनगट धरलं. एवढी ताकद त्या हातात असेल असं वाटलं नव्हतं.

"मला बाहेर ने."

बाहेर पार्किंगमध्ये ऊन रखरखत होतं. मी भीतभीत सांगितलं की नाव मी दिलं. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांच्या आईने दुसरं लग्न केलं नाही, काळे कपडे घातले नाहीत. फादर तीनदा घरी आले, तिन्ही वेळा तिने मिस्सेला नकार दिला. म्हणाली, हाड दाखवा, मग मिस्सा करा. आणि मरताना लेकीकडून वचन घेतलं की माझ्यामागे तूही करू देऊ नकोस. हे सगळं त्यांनी मला सरळ समोर बघत सांगितलं आणि मुलाला बोलवायला लावलं.

मुलाने तीन दिवस येऊ नका म्हणून कळवलं. खलास, म्हटलं. व्हिसा त्यांच्या नावावर. नोकरी गेली की मीही गेले. पण खरं सांगते, व्हिसापेक्षा तो चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. मी काय त्यांचं वाईट करायला गेले होते? स्वतःलाच विचारायचे आणि स्वतःच चिडायचे.

चौथ्या दिवशी गेले ती तांदळाची पेज घेऊन. आमच्याकडे मरण झालेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे पेज नेऊन देतात. दारात मुलगा म्हणाला, आई जेवत नाही. मॅडम खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. पुस्तक टेबलावर नव्हतं.

मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले. "मॅडम, चुकले मी. माफ करा."

त्या तोंड न वळवता म्हणाल्या, "शुक्रवारी सकाळपर्यंत मला बाप होता."

मला रडू आवरेना. त्या मात्र रडत नव्हत्या. त्यांनी चाचपत माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो मायेचा होता की नुसता आधाराला, मला अजून कळलेलं नाही.

"तुझा राग नाही," त्या म्हणाल्या. "पण माफ करायला ते वचन माझं नव्हतं. आईचं होतं. आता थोड्या दिवसांत मी तिच्याकडे जाईन. ती पहिलं हेच विचारेल. काय सांगू तिला?"

मी पेजेचा चमचा भरून त्यांच्या ओठांशी नेला आणि त्यांनी तोंड फिरवलं.