सोमाटण्याच्या बसचा आवाज

आम्ही जुन्या बसगाड्यांचे नादिष्ट. लोणावळ्यापासून पिंपरीपर्यंत मिळून पाच-सहा डोकी, वयं पोक्त, अक्कल यथातथा. घरचे आम्हाला वेड्यात काढतात आणि त्यांचं काही चुकत नाही. शहरात आता विजेवरच्या गाड्या धावतात. शेजारून गेल्या तरी कळत नाही. असल्या गाडीची कुणाला कशी आठवण यावी? आम्हाला हवी ती चढावर धापा टाकणारी, खिडक्या खुळखुळवणारी, शर्टाला डिझेलचा वास लावून जाणारी.

तशी एक सोमाटण्याला एका आबांच्या वावरात उभी होती. आबांनी ती लिलावात घेतली आणि तिच्यात कडबा भरला. यंदा वावर विकलं गेलं. "सोमवारी भंगारवाला येतोय," आबा म्हणाले. "त्याच्या आदी न्या, तुमची." खंडाळ्याच्या एका बंगलेवाल्यानं अंगणात जागा कबूल केली होती, पण गाडी स्वतःच्या इंजिनावर आली तरच, सांगाडा त्याला नको होता. म्हणजे तिचा जीव इंजिन सुरू होण्यावर होता.

आमच्यात एक रिवाज आहे. जुनं इंजिन सुरू होताना कुणी बोलायचं नाही, जागचं हलायचं नाही. सगळे मोबाइलवर आवाज टिपत असतात आणि एकाच्या 'वा!'नं सगळ्यांचं रेकॉर्डिंग नासतं. देवळात आम्ही इतके गप्प नसतो.

रविवारी कडबा काढला, डिझेल भरलं, नळ्यांतली हवा काढली, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या आणून जोडल्या. आमच्यातलेच एक निवृत्त ड्रायव्हर, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो, ते स्टिअरिंगवर बसले. आधी नुसतं कण्हणं. मग काळा धूर ओकून ती उठली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

आवाज चढत गेला. आणखी चढला. भाऊ खिडकीतून हात हलवायला लागले. आम्हाला वाटलं, आनंदानं. आम्हीही मोबाइल सांभाळत हात हलवले.

इतकी वर्षं उभी राहून तिचा डिझेलचा पंप आत अडकला होता. डिझेल बेफाम आत जात होतं आणि बंद करायची दांडी ओढूनही इंजिन आवरत नव्हतं. अशा वेळी हवा आत ओढणाऱ्या तोंडावर ओलं गोणपाट दाबायचं. इंजिन गुदमरतं आणि थांबतं. हे आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे, चहावर यावरून भांडणंही झालीत. गोणपाटं पायाशी पडली होती. कुणी वाकलं नाही.

मग आत काहीतरी धाडकन तुटलं आणि ती गप्प झाली.

भाऊ खाली उतरले. "अरे, मी थांबवा म्हणत होतो," ते म्हणाले.

"मंग जाती का न्हाई?" आबांनी विचारलं.

इंजिन जाम झालं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सोमवारी भंगारवाल्यानं तिचे तुकडे केले. तसलं चालू होण्याजोगं इंजिन आता आमच्या कुणाच्या माहितीत नाही, आणि कुठं असेल अशी मला आशाही नाही.

रेकॉर्डिंग मात्र स्वच्छ आलंय. ग्रुपवर सगळे ऐकतात, भाऊसुद्धा. काल स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "हे काय किंचाळतंय एवढं?"

"बस आहे," मी म्हणालो, आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.