फ्रिजवरची सूचना

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे. तरी ही गोष्ट मी दोन वर्षं पोटात ठेवली. आता सांगते, कारण ताईच म्हणाल्या, सांग.

ताई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या मोजणीताई. मी रक्त काढते, त्या मोजतात. एचआयव्हीची लागण झालेल्या माणसाच्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या टी पेशी किती उरल्यात, ते त्यांचं मशीन सांगतं. सतरा वर्षं तेच स्टूल, दोरीला अडकवलेला तोच चष्मा. नळीवरची नावाची पट्टी तिरकी लागली तरी नळी परत पाठवायच्या. मी तर पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली. रसायनांच्या फ्रिजमध्ये रक्ताची नळी ठेवून मोकळी झाले होते. "गारठ्यात या पेशी खराब होतात. मग मी काय मोजू, तुझं डोकं?" म्हणाल्या, आणि जाड पेनाने सूचना लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवली: रक्ताच्या नळ्या येथे ठेवू नयेत. ती अजून तिथेच आहे, कोपरे पिवळे पडलेत.

पेशंटशी मात्र त्या मऊ बोलायच्या. "पेशी मरतात तशी शरीर घाईघाईने नवीन तयार करतं," असं समजवायच्या. "त्या नवीनही लवकर मरतात. लागण न झालेल्यासुद्धा या धामधुमीत जातात. जन्म आणि मरण, दोन्हींची नुसती पळापळ. गोळी नेमाने घेतली की व्हायरस दबतो, पळापळ थांबते, मग आकडा हळूहळू चढतो." हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवीन.

एका सोमवारी सकाळी मी आले, तर ताई माझ्याआधी हजर. मशीनसमोर बसलेल्या, हातात कागद. मी मागून डोकावले. नाव नव्हतं. आकडा होता एकशे चौसष्ट.

"कुणाचा हो?" मी विचारलं.

ताईंनी कागद उलटा ठेवला. मग डाव्या बाहीची गुंडी काढून बाही वर केली. कोपराच्या खळीत कापसाचा बोळा, वर चिकटपट्टी.

नऊ वर्षांपूर्वी त्यांचे यजमान वारले ते कशाने, हे मला त्या क्षणी कळलं. ताई सांगत गेल्या. गोळ्या तेव्हापासून चालू, एकही चुकवली नाही. रक्त दर सहा महिन्यांनी दुसऱ्या गावी जाऊन द्यायच्या. तिथलं मशीन बंद पडलं, म्हणून आदल्या दिवशी, सुट्टी असताना, इथे येऊन स्वतःच सुई टोचून घेतली; सुट्टीत मशीन बंद असतं, म्हणून मोजणी आज सकाळी. मागचा आकडा पाचशे एकवीस होता.

"गोळ्या चालेनाशा झाल्या बघ," त्या म्हणाल्या. "मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. तिला अजून काहीच माहीत नाही."

दोनशेच्या खाली गेलेली माणसं मी रोज पाहते. मी कामाचं तेवढं विचारलं.

"काल काढलेलं रक्त सकाळपर्यंत कुठे होतं?"

ताईंची नजर फ्रिजकडे गेली, दारावरच्या स्वतःच्याच अक्षराकडे. मी दार उघडलं. रसायनांच्या खोक्यांमागे, अगदी तळाशी, एका नळीपुरतं रिकामं स्टँड होतं.

"ताई, अहो," मी म्हणाले, "तुम्ही?"

"बाहेर ठेवली असती तर कुणीतरी विचारलं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "ठेवताना सूचना दिसलीच नाही गं मला."

"चला, हात पुढे करा."

मी पुन्हा रक्त काढलं. एवढ्या वर्षांत माझी सुई कधी चुकली नव्हती, त्या दिवशी दोनदा टोचावं लागलं. पट्टीवर काय लिहू म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "माझं नाव. पूर्ण. आणि सरळ लाव." नळी सगळ्यांच्या नळ्यांसोबत टेबलावर उभी राहिली. मशीन रिकामं होईपर्यंतचे दोन तास आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. खराब रक्ताचा आकडा खोटा असतो, पण म्हणून खरा चांगलाच असेल असं थोडंच आहे?

पाचशे सात.

ताईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा आकडा पाहिला. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. मग मला रागच आला. "इथे रोज पन्नास जणांचं रक्त येतं," मी म्हणाले. "तुम्हाला लपवायची गरज काय होती? कुणाला एवढ्या घाबरलात?"

"तुला," ताई म्हणाल्या. "ती निळ्या छत्रीची बाई आठवते?"

आठवली. आमचीच पेशंट, तीन वर्षांपूर्वीची. बाजारात भेटली होती, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी हसत हसत सगळ्यांना सांगितलं होतं, ती कुठल्या दुकानात कामाला आहे ते. तिला एचआयव्ही असल्याचं दुकानापर्यंत पोचलं. त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. मी विसरून गेले होते. ताई विसरल्या नव्हत्या.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी जुनं रजिस्टर काढून तिची ओळ शोधली. अजूनही कधीतरी काढून बघते. तिचा शेवटचा आकडा दोनशे तीस होता. त्यानंतरचा आमच्याकडे कुणी मोजलेला नाही.