रात्री नऊचे उंदीर

आमची खानावळ कुंभवलीच्या रस्त्यावर, कारखान्यांच्या बसथांब्यापासून हाकेच्या अंतरावर. लग्न होऊन सांगलीहून बोईसरला आले तेव्हा भाड्याची एक खोली आणि ह्यांची तीन पाळ्यांची नोकरी, एवढंच होतं. खानावळ मी उभी केली, दोन डब्यांपासून सुरुवात करून. त्यामुळे मागच्या गल्लीतल्या खानावळीला अन्न खात्याने टाळं ठोकलं आणि उद्या त्या खात्याच्या तपासणीस मॅडम आमच्याकडे येणार असं कळलं, तेव्हा मी घाबरून सगळे डबे घासायला काढले.

ह्यांचा चेहरा मात्र खुलला. "म्हणजे ऑडिट! माझ्यावर सोड."

हे रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर आहेत. तिथे सारखं कुणी ना कुणी तपासायला येतं आणि त्या पाहुण्यांना खूश करण्यात ह्यांचा हात कुणी धरणार नाही. एरवी ताट उचलून मोरीत ठेवा म्हटलं तर ह्यांना ऐकू येत नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारची पाळी होती, सकाळ मोकळी होती, आणि हे पहाटेच उठून कामाला लागले.

मी उठले तर शेगडीवर चिठ्ठी: 'गरम पृष्ठभाग'. सिलिंडरवर 'ज्वलनशील'. माझ्या ठेच्याच्या बरणीवर 'हाताळताना काळजी घ्या', ती मी राहू दिली, कारण ते खरंच होतं. बाहेर शेवग्याच्या झाडाला 'असेंब्ली पॉइंट' असा पुठ्ठा टांगलेला. आग लागली तर आम्ही दोघी तिथे जमायचं होतं.

दुसरी म्हणजे आमच्या भाकऱ्या करणाऱ्या मावशी. त्या कुंभवलीच्याच. त्यांना ह्यांनी टोपी, हातमोजे आणि कारखान्यातला गॉगल दिला. मावशींनी टोपी घातली, मोज्यांनी भाकरी थापून बघितली, ती मोज्यालाच चिकटून वर आली. गॉगल काढून त्या म्हणाल्या, "बाय, यातून तवा दिसत नाय. तुजा नवरा बरा हाय ना?"

"मावशी, मॅडम विचारतील तेवढंच सांगायचं," हे म्हणाले. "जास्त बोलायचं नाही."

"आमी कुठं जास्त बोलतो?" असं म्हणून मावशी पाव तास बोलल्या.

मग ह्यांनी वही काढली. हात धुतल्याची नोंद, ओटा पुसल्याची नोंद, उंदीर-झुरळांची नोंद. तीन महिन्यांच्या नोंदी एका बैठकीत, एकाच पेनाने, सुवाच्य अक्षरात. मी म्हटलं, "अहो, हे खोटं आहे." त्यावर हे मला लहान पोरीला समजवावं तसं म्हणाले, "अगं, वही पूर्ण लागते. अर्धी वही दिसली की ऑडिटर खोदत बसतो." मला राग आला होता, पण टाळ्याची भीती रागापेक्षा मोठी होती. मी गप्प बसले, ही माझी चूक.

मॅडम अकराला आल्या. ठेच्यावरची चिठ्ठी वाचून हसल्या, तेव्हा मला जरा धीर आला. त्यांनी फ्रीज उघडला, पाण्याच्या टाकीत डोकावल्या, मावशींची नखं बघितली, पाणी तपासल्याचा कागद मागितला. तो माझ्याकडे होता, खराखुरा. मग ह्यांनी दोन्ही हातांनी वही पुढे केली.

मॅडमनी शेवटचं पान उघडलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पुन्हा पान बघितलं.

"आज दुपारी चार, मावशींनी हात धुतले," त्यांनी वाचलं. "आज रात्री नऊ, उंदीर आढळले नाहीत. रात्रीचे उंदीर तुम्हाला सकाळीच कळवतात का?"

ह्यांनी वाकून पान बघितलं. लिहिता लिहिता हात सवयीने आज रात्रीपर्यंतच्या नोंदी भरून गेला होता.

"मावशी, चार वाजता हात धुतले तुम्ही?"

"चार कुठं वाजलं अजून?" मावशी म्हणाल्या. "आली तवा धुतलं, पीठ मळायच्या आधी धुतलं, आता तुमी नखं बगितली म्हणून परत धुनार. ते लिवायला लागतं?"

मॅडमनी वही मिटून ओट्यावर ठेवली. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या दाराला लागलेलं टाळं होतं.

"तुमचं स्वयंपाकघर स्वच्छ आहे," अखेर त्या मला म्हणाल्या. "मावशींचे हातही. घाण आहे ती या वहीत. टाळं लावत नाही, नोटीस देते. पंधरा दिवसांनी पुन्हा येईन. तोवर नवी वही, आणि झाल्यावरच लिहायचं."

त्या गेल्या आणि मला आधी हसू फुटलं, मग रडू. मावशींनी भाकऱ्या पुन्हा सुरू केल्या, कारण गिऱ्हाईक येऊन बसलं होतं.

दीडला हे बससाठी निघाले. त्यांच्या हातात डबा देताना मी सहज विचारायला गेले आणि विचारता विचारता डबा सोडायचं विसरले.

"अहो, तिकडे रसायनं तापवतात त्या रिअॅक्टरचं तापमानही तुम्हीच लिहिता ना? तेही असंच?"

हे चपलेचा पट्टा लावत राहिले. तो केव्हाच लागला होता. मग मान खाली घालूनच निघून गेले.

त्या दुपारी मी कांदा चिरला तो कसा चिरला, मला आठवत नाही. सव्वाचारला फोन वाजला. हे कॅन्टीनमधून बोलत होते.

"मावशींनी हात धुतले का गं?"

"धुतले. तुमचं चारचं तापमान?"

"वर चढून काट्यावर बघून आलो," हे म्हणाले. "मग लिहिलं."

मी नवी वही उघडली, घड्याळ बघितलं आणि सव्वाचार लिहिलं. तेव्हापासून हा फोन रोज येतो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा, पलंगावरून.